आधी वाट, मग भिंत: बंद घराला कॅमेरा लावणाऱ्या भाचीला मामाचे कानमंत्र

भाचेबाई,

गावच्या घराला कॅमेरा बसवायचं मनावर घेतलंस, हे बरं केलंस. गणपती, शिमगा आणि आंब्याचे दिवस सोडले तर भाऊजींचं ते घर वर्षभर कुलपातच असतं. शेजारच्या काकू येता-जाता नजर टाकतात, पण त्यांनाही त्यांची गुरं आहेत, नातवंडं आहेत. माझा जन्म वायरमनकीत गेला. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या वाड्यांतल्या चाकरमान्यांच्या बंद घरांना मीच कॅमेरे लावून देतो, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो. दुकानदार तुला मेगापिक्सेल सांगेल, मी तुला भिंत सांगतो. तोच कॅमेरा एका भिंतीवर राखण करतो आणि दुसऱ्या भिंतीवर नुसता शोभेला राहतो.

कॅमेरा कशाने जागा होतो, ते ओळख

बाहेर लावायच्या कॅमेऱ्यांच्या दोन जाती. वायरवर चालणारा चोवीस तास बघत असतो आणि चित्रातले ठिपके बदलले की त्याला हालचाल कळते. बॅटरीवरच्याला ही चैन परवडत नाही. तो झोपून राहतो आणि त्याला उठवायला एक वेगळा सेन्सर असतो, पीआयआर. भिंगाखाली दुधी प्लास्टिकचा फुगवटा दिसेल, तोच तो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा तू बॅटरी आणि सौर पॅनेलवाला घेतलास ते योग्यच. म्हणून पुढचं बरंचसं या फुगवट्याबद्दल आहे.

या सेन्सरला चित्र दिसत नाही, उष्णता कळते. माणसाच्या अंगातून न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात, ते तो टिपतो. त्याच्या पोटात दोन तुकडे शेजारी-शेजारी, एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोन्हींवर एकाच वेळी सारखी उष्णता पडली की हिशेब शून्य. म्हणून सगळं अंगण हळूहळू तापलं तरी तो गप्प बसतो. आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर पडली की तो कॅमेऱ्याला हाक मारतो. वरच्या दुधी प्लास्टिकवर बारीक चौकटी असतात, ते फ्रेनेल भिंग. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात दीपगृहांच्या दिव्यासाठी जे भिंग केलं, त्याचंच हे चिमुकलं रूप. हे भिंग समोरच्या जागेचे हातपंख्याच्या घड्यांसारखे पट्टे पाडतं. ऊबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर चाळवतो. एवढं एक डोक्यात ठेव, बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

आधी वाट, मग भिंत

लोक स्टूल घेतात, प्लगजवळची सोयीची भिंत बघतात आणि ड्रिल चालवतात. तू आधी अंगणात उभी राहा आणि येणारा कुठून येईल ते बघ. फाटकातून येईल, परसातल्या पायवाटेने येईल, नाहीतर मागचा गडगा ओलांडून येईल. कुठूनही आला तरी शेवटी त्याला दोन-तीन जागी यावंच लागतं. ओटीच्या पायऱ्या, मागचं दार, पंपाची खोली. त्या जागा धर. सगळं अंगण एकाच कॅमेऱ्यात मावावं हा हट्ट सोड. सगळं दाखवणारा कॅमेरा कुणाचंच तोंड धड दाखवत नाही.

वनखात्याची माणसं हेच करतात. वाघ मोजायचे कॅमेरे ते मन मानेल तिथे बांधत नाहीत. पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे बघून आधी वाघाची वाट शोधतात. मग वाटेच्या दोन्ही कडांना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात. २०१८-१९च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्या कामाची नोंद गिनेस बुकात झाली. तिथेही कॅमेऱ्याला उठवतो तो उष्णतेचा सेन्सरच.

आडवा जाऊ दे

दाराच्या बरोबर वर, फाटकाकडे तोंड करून कॅमेरा लावावा, असं सगळ्यांनाच वाटतं. पीआयआरसाठी ती सगळ्यात कमकुवत जागा. सरळ रोखाने येणारा माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात चालत राहतो. सेन्सरच्या दृष्टीने फारसं काही घडतच नाही, आणि जाग येते तेव्हा पाहुणा पायरीवर पोचलेला असतो. तोच माणूस आडवा गेला तर दोन पावलांत पट्टे ओलांडतो.

तुमच्या घराचंच घे. फाटकातून आत आलं की वाट तुळशीला वळसा घालून ओटीच्या पायऱ्यांकडे जाते. तेव्हा कॅमेरा दारावर नको. ओटीच्या टोकाच्या खांबावर लाव आणि त्याची नजर तुळशीच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेव. येणाऱ्याची वाट नजरेला तिरकी कापते. अगदी काटकोनातही नको, नाहीतर सेन्सर खूश होईल पण चित्रात नुसता कान येईल. पंचेचाळीस ते साठ अंशांचा तिरकेपणा असला की सेन्सरचंही भागतं आणि तोंडही दिसतं.

जागा अडचणीची आहे म्हणून कॅमेरा कुशीवर वळवू नकोस. सेन्सरचे तुकडे शेजारी-शेजारी आहेत ते वर-खाली होतील आणि आडवी चाल त्याला कळेनाशी होईल. माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलं नसेल तर उलटाही टांगू नकोस. चित्र ॲपमधून सुलटं करता येतं, पण अंगणाकडे बघणारे पट्टे आभाळाकडे जातात ते जातातच.

बारा फुटांचं गणित

सेन्सरने हाक मारली तरी झोपेतून उठून चित्रण सुरू करायला कॅमेऱ्याला सेकंदभर, कधी जास्तही लागतं. साधारण चालीचा माणूस सेकंदाला चार फूट चालतो. नव्वद अंशांच्या भिंगातून जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी दिसते. पाच फुटांवरून आडवा गेला तर चित्राची रुंदी दहा फूट, म्हणजे अडीच सेकंदांत तो पार. तुझ्या हाती त्याची पाठ. बारा फुटांवरून गेला तर रुंदी चोवीस फूट. तो सहा सेकंद चित्रात राहतो.

चेहऱ्याचं गणितही तिथेच येऊन जुळतं. कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत ओळखीचा माणूस ओळखू यायला मीटरला १२५ पिक्सेल लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख नक्की पटायला २५०. १०८०पीचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. चोवीस फूट म्हणजे सव्वासात मीटर. भागून बघ, मीटरला अडीचशेच्या वर पिक्सेल मिळतात. माणूस चोवीस फूट लांब असला की तेच निम्मे होतात. मग काकूंचा मुलगा ओळखू येईल, परका नाही. तुझं भिंग १२० अंशांचं असेल तर बाराच्या जागी सात फूट धर आणि कॅमेरा वाटेच्या तेवढा जवळ आण. मात्र तेव्हा वाट जरा जास्तच तिरकी ठेव, म्हणजे माणूस चित्रात टिकतो. खोक्यावर 'दहा मीटर' छापलेलं असतं, ते हालचाल कळण्याचं अंतर. चेहरा कळण्याचं ते नव्हे.

उंची किती

सात ते नऊ फूट. त्याहून खाली लावलास तर कुणीही हात घालून काढून नेईल. वर चढवलास तर माणसांऐवजी टोप्या आणि छत्र्या दिसतील. आठ फुटांवरचा कॅमेरा बारा फूट लांबच्या चेहऱ्याकडे थोडासाच वरून बघतो. माळ्याच्या खिडकीशी, पंधरा फुटांवर लावला तर तोच कोन तिपटीने वाढतो. 'माणूस दिसला' असं सांगणारी ॲपमधली अक्कलही उभ्या माणसांची चित्रं बघून शिकलेली असते. डोक्यावरून बघितलेला माणूस तिला ओळखायला जड जातो.

आपल्याकडे अंगणं उतरती असतात, म्हणून उंची भिंतीच्या पायापासून मोजू नकोस. माणूस ज्या जमिनीवर उभा राहणार, तिथून मोज. तुमची ओटी अंगणापासून तीन पायऱ्या वर आहे, तेवढी उंची आधीच धरलेली आहे. कॅमेऱ्याची मान किंचित खाली असू दे. चित्रात आभाळ जितकं कमी तितकं बरं. आभाळाच्या उजेडाने माणसं काळी पडतात, आणि मान वर असली की रस्त्यावरून जाणारी एसटीही तुला मोबाइलवर कळवली जाते.

ऊन, पान आणि पत्रा

हा सेन्सर उष्णता मोजत नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. माणसाच्या कातडीचं आणि कपड्यांचं तापमान तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास असतं. पौषातल्या पहाटे अंगण गार असतं, तेव्हा माणूस लांबूनही कळतो. वैशाखात दुपारी मागची चिऱ्याची भिंतही माणसाएवढीच तापली की त्या घटकेला तो सेन्सरला जवळजवळ दिसेनासा होतो. भिंत त्याहून जास्त तापली तर पुन्हा कळू लागतो, कारण आता तो आजूबाजूपेक्षा गार असतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात हा त्रास आपल्यापेक्षा मोठा. उपाय एकच. ज्या जागेवर नेम धरायचा तिच्या मागे सावली असू दे, आणि उन्हाळ्यापुरती कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी एक घर वाढव.

खोट्या खबरा येतात त्याही उष्णतेमुळेच. तापलेल्या भिंतीपुढे केळीचं पान हललं की भिंत झाकते, उघडते, झाकते. सेन्सरला वाटतं कुणीतरी गेलं. कॅमेऱ्यासमोरच्या दहा फुटांतली केळ, जास्वंद, लोंबणारी झावळी छाटून टाक. एसीचं बाहेरचं युनिट, न्हाणीच्या चुलीचं धुराडं, तापणारा पत्रा यांच्यावर नजर रोखू नकोस. कुत्र्या-मांजरांसाठी ॲपमध्ये झोन आखता येतात, गडग्याचा माथा त्यातून वगळ.

खबरा फार येऊ लागल्या की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे नोटिफिकेशन बंद. मग 'लांडगा आला रे आला' होतं, आणि खरा आला तेव्हा फोन उशाखाली गप्प असतो. आधी जागा आणि कोन सुधार, मग झोन आख, आणि सेन्सिटिव्हिटी कमी करणं सर्वांत शेवटी.

तोंडाची दिशाही बघ. उत्तरेकडे बघणारा कॅमेरा सर्वांत सुखी. पूर्वेला किंवा पश्चिमेला बघणाऱ्याच्या डोळ्यांत सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरपं ऊन घुसतं. तुमचं दार पश्चिमेला आहे, म्हणून खांबावरून कॅमेरा उत्तरेकडे झुकवता आला तर तसाच झुकव.

रात्रीचं तंत्र

रात्री कॅमेरा स्वतःचा अवरक्त उजेड टाकतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे असले तर अंधारात मंद लाल ठिपके दिसतात, ९४०चे डोळ्यांना दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. उजेड कुठलाही असो, चौकटीच्या कडेला जवळचा खांब, वासा किंवा कपड्यांची दोरी आली की तो तिथूनच उलटा फिरतो. जवळचं सगळं पांढरंफटक आणि मागे मिट्ट काळोख. दिवसाच्या चित्रात ती दोरी खुपत नाही, रात्री तीच सगळं बिघडवते. ओटीवरचा बल्ब येणाऱ्याच्या पाठीमागे नको, कॅमेऱ्याच्या बाजूला हवा. नाहीतर माणसाची नुसती सावली उमटते.

आणि कोळी. दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. भिंगापुढे एकच तंतू ताणलेला असला तरी रात्रीच्या चित्रात तो सुंभाएवढा जाड आणि चकाकता दिसतो, वाऱ्यावर हलतो, आणि त्यामागे उभा असलेला माणूस पुसून जातो. वायरवाल्या कॅमेऱ्याला तर तेवढ्याने रात्रभर हालचाल दिसत राहते. महिन्यातून एकदा मऊ कुंच्याने कॅमेरा झाडून घ्यायला कुणाला तरी सांगून ठेव. तेल, फिनेल असलं काही भिंगाला लावू देऊ नकोस.

पाऊस, चिरा, सूर्य

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि नुसता पडत नाही, झड मारतो. कॅमेरा वळचणीच्या आत, पागोळ्यांच्या रेषेच्या मागे हवा. पण वळचणीची कड चित्रात येऊ देऊ नकोस. खोक्यावर आयपी६५ किंवा त्याहून वरचा आकडा बघून घे. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ दे, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, आत उतरत नाही. खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच घे. भोक चिऱ्याच्या मधोमध घे, सांध्यात नको, आणि प्लग लांब वापर. भुसभुशीत सांध्यातला प्लग हळूहळू ढिला होतो, आणि मान अंगठाभर झुकली तरी बारा फुटांवर नेम चुकतो.

सौर पॅनेल कॅमेऱ्यालाच चिकटलेलं घेऊ नकोस, लांब वायरचं वेगळं घे. कॅमेऱ्याला उत्तर मानवते आणि पॅनेलला दक्षिण. आपली रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे, तेव्हा पॅनेलला तेवढाच उतार पुरे. माडाची सावली दिवसभर कुठे कुठे फिरते ते बघून जागा ठरव. आषाढ-श्रावणात सूर्याचा भरवसा नाही, म्हणून मृगाआधी बॅटरी पूर्ण भरून ठेव.

काच आणि वायफाय

खिडकीच्या काचेआड कॅमेरा ठेवून भागवायचा विचार असेल तर सोड. माणसाच्या अंगाचे अवरक्त किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, त्यामुळे पीआयआर आंधळा होतो. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा उजेडही काचेवरून उलटतो. वायफायचं म्हणशील तर राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेव, त्याचा पल्ला जास्त. चिऱ्याच्या दोन भिंती आणि लोखंडी ग्रिल मध्ये आलं की सिग्नल मरतो. तसं असेल तर सिमकार्डवाला फोर-जी कॅमेराच बरा, पण आधी त्याच भिंतीशी उभं राहून त्या कंपनीची रेंज बघ.

शेजाऱ्याची पडवी सोड

कॅमेऱ्याच्या नजरेत शेजाऱ्यांची पडवी, विहीर, न्हाणी येता कामा नये. ॲपमध्ये तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापर. त्याहून बरं म्हणजे कॅमेराच वळव. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलेलं आहे, आणि बाईमाणसाचं खासगी वागणं चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे. तुझ्या मनात तसं काही नसलं तरी शेजारणीच्या मनात शंका कशाला? लावण्याआधी तिला चित्र दाखव. जी शेजारीण चित्र बघून 'ठीक आहे' म्हणते, तीच पुढे तुझ्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवते. फाटकावर 'कॅमेरा सुरू आहे' अशी पाटीही लाव.

भोक पाडण्याआधी चालून बघ

कॅमेरा आधी बांबूला चिकटपट्टीने घट्ट बांध आणि बांबू ठरवलेल्या खांबाला सुतळीने आवळ. तू मोबाइल घेऊन ओटीवर बस आणि भावाला फाटकातून यायला सांग. नेहमीच्या चालीने, मग सावकाश, मग गडग्याच्या कडेने वाकून. दर वेळी खबर आली तेव्हा तो नेमका कुठे होता, तिथे जमिनीवर खडूने किंवा चुन्याने खूण कर. खुणा पायऱ्यांच्या जवळ जमल्या असतील तर कोन फार सरळ आहे, कॅमेरा बाजूला वळव. तुळशीच्या पलीकडेच जमल्या तर जमलं. हाच प्रयोग ऐन दुपारी आणि दिवे मालवून रात्री पुन्हा कर. शेवटी प्रत्येक क्लिप उघडून बघ, तोंड दिसतंय की पाठ. दोन क्लिपांच्या मध्ये कॅमेरा किती वेळ विश्रांती घेतो तेही ॲपमध्ये बघ. ती वेळ कमीत कमी कर, नाहीतर पहिला माणूस सापडेल आणि त्याच्या मागचा दुसरा निसटेल.

दुसरा कॅमेरा घेणार असशील तर असा लाव की दोघं एकमेकांना दिसतील. एकाला हात लावणारा दुसऱ्यात सापडतो.

पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दर वर्षी हे चालणं पुन्हा कर. झाडं वाढतात, स्क्रू सैल होतात, पट्टे सरकतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट. कॅमेरा चोराला अडवत नाही, तो तुला मुंबईत खबर देतो. ती खबर मिळाल्यावर पाच-दहा मिनिटांत दारात पोचेल असा वाडीतला कुणीतरी आधीच ठरवून ठेव, त्याचा नंबर आणि ११२ फोनमध्ये सगळ्यांत वर ठेव, आणि घरात सगळ्यांना ते माहीत असू दे. तेवढं केल्याशिवाय कॅमेऱ्यावर पैसे घालवू नकोस.

तुझा,
मामा